परदेशातल्या मुलांच्या ‘फुकट विमाना’बद्दल खुलासा

नाशिकच्या गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: फ्लूची साथ वाढली की परदेशातल्या प्रत्येक भारतीयाला सरकार फुकट विमानाने आणणार, दूतावास टॅमिफ्लू (फ्लूवरची गोळी) वाटणार, पालकांनी खालच्या लिंकवर पासपोर्टचा फोटो टाकून नाव नोंदवावं.

अशी सरसकट योजना नाही. २०२० च्या कोरोनाकाळात ७ मेपासून परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं सुटली, तेव्हाही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. नोंदणीही नाशिकहून आईबाबांनी नव्हे, तर प्रवाशानं तिथल्या दूतावासात करायची होती. आधी नंबर लागला तो गरोदर बायका, आजारी, अडकलेले मजूर यांचा.

खरोखर हलाखीत असलेल्यांसाठी २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ आहे. तातडीचे उपचार, परतीचं तिकीट त्यातून मिळू शकतं, पण परिस्थिती तपासूनच. दूतावास म्हणजे दवाखाना नाही. टॅमिफ्लू डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यावी.

घरून तक्रार करायचीच तर परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल आहे. काळजीपोटीच पुढे गेलाय मेसेज, कळतं. पण तो आता थांबवा, आणि अनोळखी लिंकवर पोराचा पासपोर्ट तर मुळीच टाकू नका.