धावल्यानंतर वाढलेली साखर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रक्तातील साखरेची मोजणी आणि चालण्याचा व्यायाम यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवलेत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : सकाळी उपाशीपोटी ११२ असलेली साखर नॅशनल पार्कात जोरात धावून आल्यावर १३१ भरली, म्हणून व्यायामाने साखर उतरते हे विधान चुकीचे आहे, इन्सुलिन न घेणाऱ्यांना घरी साखर मोजून काही लाभ होत नाही, हे संशोधनातून दिसले आहे, आणि बोरिवलीहून रोज लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या माणसाला आणखी चालायला सांगणे निरर्थक आहे.

पहिल्या आक्षेपावर मी अधिक लिहिणार आहे, कारण असा आकडा पाहून अनेक जण व्यायामच सोडून देतात. जोरात धावताना ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढते आणि यकृत आपल्या साठ्यातील ग्लुकोज रक्तात सोडू लागते. स्नायू जेवढे ग्लुकोज वापरतात त्याहून अधिक काही काळ रक्तात येत राहिले, तर आकडा चढतो. पहाटेच्या सुमारास कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांमुळे यकृताचे हे काम तसेही वाढलेले असते. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. व्यायामाचा खरा लाभ मात्र पुढे सुरू होतो. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता पेशींच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. नंतर स्वतःमधला रिकामा झालेला ग्लुकोजचा साठा भरून काढताना हेच स्नायू साधारण २४ ते ४८ तास इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, या शिफारशीमागे हेच कारण आहे. धाव संपताक्षणी घेतलेल्या आकड्यात यातले काहीच दिसणे शक्य नाही.

शिवाय ग्लुकोमीटरची, म्हणजे घरी साखर मोजण्याच्या यंत्राची, मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा त्याहून अधिक असताना यंत्राने १५ टक्क्यांपर्यंतचा फरक दाखवला तरी तो ग्राह्य धरला जातो. म्हणजे आपले ११२ प्रत्यक्षात १२० असू शकतात आणि १३१ देखील १२०च असू शकतात. घामेजल्या, न धुतलेल्या बोटाने, विशेषतः नुकतेच फळ हाताळले असेल तर, आकडा आणखी बिघडतो. मला यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्थेची पातळी मानली जाते. तिचे निदान घरच्या यंत्रावर होत नाही. कृपया प्रयोगशाळेतून उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या.

संशोधनाविषयी आपण म्हणता ते बरोबर आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, नॉर्थ कॅरोलायनातील ४५० रुग्णांच्या अभ्यासात, रोज साखर मोजणारे आणि न मोजणारे यांच्या एचबीएवनसीत वर्षअखेरीस लक्षणीय फरक आढळला नाही. रोज सकाळी सवयीने बोट टोचून आकडा वहीत लिहिण्याचा सल्ला म्हणूनच मी देत नाही. यंत्राला लागणाऱ्या चाचणी-पट्ट्यांचा खर्चही थोडा नाही. काही निवडक दिवशी, एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मोजावे, एवढेच माझे म्हणणे आहे. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. कोणत्या जेवणाने साखर किती चढते आणि त्यानंतर चालल्याने ती किती आटोक्यात राहते, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी एकसारखेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी घ्यावे, एके दिवशी जेवून बसून राहावे, दुसऱ्या दिवशी चालावे आणि दोन्ही दिवशी जेवणापूर्वी व जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी मोजावे. फरक ठळक असेल आणि पुन्हा मोजूनही तसाच दिसला, तर तो विश्वासार्ह मानावा.

लोकलच्या प्रवासाबद्दल मला आपल्याविषयी आदरच आहे. स्टेशनपर्यंतचे झपझप चालणे, पुलाचे जिने, हे सगळे हिशेबात धरावे; गर्दीत दांडी धरून उभे राहणे मात्र दमवते, पण तो एरोबिक व्यायाम नव्हे. प्रश्न वेळेचाही आहे. आपल्याकडे कित्येक घरांत दिवसातले सर्वांत भरपेट जेवण रात्री साडेनऊ-दहाला होते आणि लगेच अंथरुणे पडतात. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात त्याच टाइप-२ मधुमेहींना एका टप्प्यात दिवसातून एकदा ३० मिनिटे, तर दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालायला सांगितले होते. एकूण वेळ तेवढाच असूनही जेवणानंतर चालल्याने जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली आणि संध्याकाळच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. तेव्हा मी आपल्याला अधिक चालायला सांगत नसून, त्यातली दहा मिनिटे रात्रीच्या जेवणानंतर न्यायला सांगत आहे. पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालेल.

शेवटी आपण सहज विचारले आहे, की वडिलांनाही जोरात चालायला लावावे का. ते ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात असे आपण लिहिले आहे, म्हणून घाई करू नका. हे औषध, इन्सुलिनप्रमाणेच, व्यायामासोबत साखर फार खाली नेऊ शकते. त्यांच्यासाठी चालण्यापूर्वीची मोजणी खरोखर गरजेची आहे. आकडा ९० च्या खाली असेल तर आधी थोडे खाऊ द्यावे. वाटेत थरथर, दरदरून घाम किंवा गोंधळल्यासारखे वाटले, तर थांबून साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर ७० च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. औषधाची मात्रा बदलायची की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. ते विचारून झाल्यावरच चालणे सुरू करावे.