मॅम, सकाळी काही खाल्लं नाही
गेल्या आठवड्यात प्रॅक्टिकल चालू असताना एस.वाय.ची, म्हणजे दुसऱ्या वर्षाची, एक मुलगी बेसिनपाशी मटकन खाली बसली. सकाळचे पावणेआठ. हात गार पडलेले, ओठ पांढरे. गूळ-शेंगदाणे दिले, पाणी दिलं, काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, मॅम, रात्रीचा डबा. म्हणजे साडेआठला जेवली ती शेवटची, मध्ये अकरा तास पोटात काहीच नाही. आणि वर काय, तर "घरी सांगू नका ना, आई रडत बसेल."

स्टाफरूममध्ये लगेच सुरू, ही पोरं रात्रभर मोबाईल बघतात, उशिरा उठतात, नाश्ता कुठून करणार. मला हे अजिबात पटत नाही. अहो ती पोरगी सहाला उठून आंघोळीला लाईन लावते! पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्यानं घेऊन, राहणाऱ्या पोरांची मेस दोन वेळची असते, सकाळची मेस उघडते साडेदहा-अकराला आणि आमचं पहिलं लेक्चर साडेसातला, कॅन्टीनचं शटर नऊच्या आत वर जात नाही. मग खायचं कधी आणि कुठं?

बाहेर टपरीवर पोहे पंचवीस रुपये प्लेट धरा, महिन्याचे साडेसातशे झाले. सरकारी हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांसाठी सरकारची स्वाधार योजना आहे, तिच्यात पुण्यातल्या पोराला भोजन भत्ता वर्षाला ३२,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,६६७. दोन वेळच्या मेसलाच त्याहून जास्त लागतात हो, नाश्त्याला उरणार काय? आणि ज्यांना कसलाच भत्ता नाही ती तर चहा-क्रीमरोलवर दुपारपर्यंत काढतात. दिवाळीहून येताना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणतात, पहिले आठ दिवस रूममध्ये सगळ्यांना वाटतात, मग रोज एक, मग अर्धा. ती मुलगी मला सांगत होती, रात्रीच्या डब्यातली एक पोळी मी बाजूला काढून ठेवते मॅम, पण उन्हाळ्यात वास येतो.

तामिळनाडूनं १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांमध्ये सकाळचा नाश्ता सुरू केला, कारण उपाशी पोटी पोर शिकत नाही हे त्यांनी मान्य केलं. कॉलेजच्या पोराचं पोट काय वेगळं असतं का? अठरा वर्षं पूर्ण झाली की भूक लागायची थांबत नाही.

मी प्राचार्यांना लेखी दिलंय, कॅन्टीन सातला उघडा नाहीतर पहिलं लेक्चर साडेआठला घ्या. उत्तर अजून नाही, मी परत विचारणार आहे. पण आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंना सहज विचारलं की पोरं सुट्टीत गावी जातात त्या खाड्यांच्या, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या, बदल्यात सकाळी काही देता येईल का, तर त्या दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, बाई, पोहे-उपीट तर घरी करतोच आपण, पातेलं मोठं घ्यायचं एवढंच. सोमवारपासून सकाळी पावणेसातला. तुमच्या ओळखीत कुणी मेस चालवत असेल तर प्लीज एकदा विचारून बघा.