खुलासा: डीपीआय ३०० केल्याने व्हिडिओतला फोटो छपाईयोग्य होत नाही

‘व्हिडिओतून काढलेल्या फोटोचा डीपीआय ७२ वरून ३०० करा, बॅनरलाही चालेल’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

डीपीआय हा आकडा फक्त सांगतो की एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आकार बदलायच्या चौकटीतली ‘रीसॅम्पल’ची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढून ७२ चे ३०० करून पाहा: १९२० × १०८० पिक्सेल तेवढेच राहतात, छापील रुंदी मात्र २६.७ इंचांवरून ६.४ इंचांवर येते. खूण ठेवली तर पिक्सेल वाढतात, पण ते शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. तपशील वाढत नाही.

खरं काम आधी होतं. व्हिडिओची मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सॲपवरून आलेली नको, ती आणखी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते. हालचाल थांबलेली फ्रेम निवडा आणि पीएनजी किंवा टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारांत काढा. जुन्या टेपवरच्या चित्रात हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले, तर मोठं करण्याआधी डीइंटरलेस करा (एकाआड एक ओळींत मिसळलेली दोन क्षणांची चित्रं वेगळी करा), नाहीतर दातेही मोठे होतात. नंतर डाग-दाणे काढा, मग आकार वाढवा. शार्पन (कडा ठळक करणं) अगदी शेवटी, छापायच्या आकारावर.

एआयने वाढवलेला चेहरा मूळ चित्राशेजारी ठेवून जरूर तपासा. डोळे, दात, पाटीवरची अक्षरं एआय स्वतःच्या मनाने रचतं. बातमीत किंवा श्रद्धांजलीच्या फोटोत हे चालणार नाही.

दोन मीटरवरून बघायच्या पोस्टरला १०० पिक्सेल प्रति इंच पुरतात. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा पाठवा.