पैसा कमी, भीती खरी

कमी खर्चातल्या, दर भागात वेगळी गोष्ट सांगणाऱ्या भयकथा-मालिका लोकांना केवळ जुन्या आठवणींपोटी आवडतात, हे एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. पैसा नसला की सगळा भार लेखकावर आणि नटांवर येतो, आणि भयकथेला नेमकं तेच मानवतं. राक्षस दाखवणं परवडत नाही, म्हणून दाराबाहेरचा आवाज ऐकू येतो आणि तो ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा दिसतो. बाकीचं आपलं डोकं करतं.

'द ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये खर्च वाचवायला सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर केले. ते दिसायला सपाट वाटतात, हे मान्य. पण त्याच सीझनमधला, १९६१चा 'द इन्व्हेडर्स' बघाच. एकाकी घरात एकटी अभिनेत्री अ‍ॅग्नेस मूरहेड, आणि तिच्या तोंडी एकही शब्द नाही! नुसत्या श्वासावर आणि हालचालींवर तिने तो भाग पेलला आहे.

शिवाय दर भागात नवी माणसं असतात, त्यामुळे नायक वाचणारच याची खात्री नसते. सलग मालिकेत ही धास्ती टिकत नाही. काही भाग फसतात, रबरी मुखवटे उघडे पडतात. चालतं, पुढची गोष्ट वेगळी असते.

मला खटकते ती आजची लांबण. अर्ध्या तासाचा जीव असलेली कल्पना तासभर ताणतात. 'ट्वायलाइट झोन'नेही १९६३मध्ये तासाभराचे भाग करून पाहिले होते आणि पुढच्याच सीझनला ते अर्ध्या तासावर परत आले.