उरलेले सामान

साताऱ्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, आवाज किती घुमतो, हे मला गाडीचे ब्रेक पॅड बदलल्यानंतर कळले. तिथल्या उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला, की दोन्ही भिंतींतून एक लांब, बारीक किंकाळी उमटे आणि पुढचा दुचाकीस्वार मागे वळूनही न पाहता बाजूला होई. गोडोलीतल्या आमच्या गल्लीत तर माझ्या येण्याची वर्दी कोपऱ्यावरूनच पोचायची. नेमका आमच्या गाडीच्या जागेत झोपणारा कुत्रा, जो पूर्वी हॉर्नलाही दाद देत नसे, तो ती किंकाळी ऐकून उठून चालू लागे आणि आत सौभाग्यवती चहाचे आधण ठेवीत. घरादाराची त्या आवाजाने अशी सोय झाली होती, की तो बंद करावा असे माझ्याखेरीज कोणालाच वाटत नव्हते.

जुन्या पॅडचा माल झिजून ३ मिलिमीटरवर आला होता, म्हणून एका गॅरेजात पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलून घेतले. पाऊण तासात काम झाले. पैसे देताना तिथल्या पोराने एक छोटी पिशवी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, हे उरलेलं सामान. बॉक्समधनं जास्तीचं आलं होतं." उरलेला स्क्रूही गिऱ्हाइकाला परत करणारी माणसे अजून आहेत, या विचाराने मी इतका भारावलो, की पिशवी न उघडताच डॅशबोर्डच्या खणात ठेवली आणि त्या गॅरेजची चार जणांकडे शिफारसही करून टाकली.

दुसऱ्याच दिवशी आवाज सुरू झाला. गॅरेजात सांगण्यात आले, की नवे पॅड बसायला वेळ लागतो, ५०० किलोमीटर चालवा. मी चालवली. दरम्यान सल्ल्यांना तोटा नव्हता. मेहुण्याने डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि पॅड जिला आवळतात त्या तबकडीवर, तेलाचे दोन थेंब सोडायला सुचवले. आवाज नक्कीच थांबला असता. गाडी तेवढी थांबली नसती.

खरी शोभा झाली ती कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात. त्या घाटात सगळी गाव-दुनिया ब्रेक दाबत उतरते आणि मी ॲक्सिलरेटर दाबत उतरत होतो, कारण पाय काढला की गाडी उतारावरही रेंगाळू लागे. तेवढ्यात जळका वास आला. सौभाग्यवती काच खाली करून म्हणाल्या, "अहो, कुणीतरी कणसं भाजतंय वाटतं, थांबा ना." थांबलो. कणीसवाला कुठेच नव्हता. भाजत होते ते आमचे डावे पुढचे चाक. बाटलीतले चार थेंब चाकाच्या पोलादी रिमवर शिंपडले, तर चर्र करून उडून गेले. उजव्या चाकावर शिंपडलेले थेंब मात्र निमूटपणे ओघळले. सौभाग्यवतींनी काच वर केली आणि सातारा येईपर्यंत आमच्यात संभाषण झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, माझ्याकडून ब्रेक दाबून सोडवून घेतला आणि डावे चाक हाताने फिरवले. चाक अर्धा फेराही न घेता थांबले. मग त्यांनी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या पकडीच्या, हवा काढायच्या निपलला पाना लावून तो जरासा ढिला केला. चाक तसेच जड. "ऑइल आत कोंडलं असतं, तर आता चाक सुटलं असतं. म्हंजे पाईप चांगला हाय. रोग दुसराच हाय," ते म्हणाले. पॅडला ढकलणारा पिस्टनही सहज मागे गेला. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकतो, त्यांपैकी खालची पिन मात्र पकडीने ओढूनही हलेना. बऱ्याच ठोकाठोकीनंतर ती बाहेर आली तेव्हा तिच्यावर गंज आणि साध्या ग्रीसचा चिकट काळा थर होता आणि त्या ग्रीसने तिचे रबरही फुगले होते.

वास्तविक ब्रेक सोडल्यावर पॅडने डिस्कपासून फार लांब जायचे नसतेच. पिस्टनभोवतीचे रबरी कडे पिळाने पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाइतके मागे खेचते आणि तेवढ्यावर भागते. पण त्या अंशासाठी सगळ्यांनी सरकायला हवे. इथे पिन अडून बसली होती आणि पॅडचे कानही गंजलेल्या खाचांत ठोकून बसवलेले होते. साहजिकच पॅड तिरका घासत होता, थरथरत होता आणि ओरडत होता.

"खाचांतल्या पत्त्या कुठं हायत?" मिस्त्रींनी विचारले. मला पत्त्या म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. त्यांनी बोटाएवढ्या लांबीची स्टीलची वाकवलेली पट्टी हवेत काढून दाखवली, पॅड तिच्यावर कसा सरकतो ते हाताने करून दाखवले, आणि माझ्या मनात डॅशबोर्डचा खण उघडला. पिशवी आणून दिली. चार पत्त्या आणि ग्रीसची एक चिमुकली पुडी. मिस्त्रींनी पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

तारेच्या ब्रशने खाचा घासल्या गेल्या, नवी पिन आणि नवे रबर आले, उष्णता सोसणारे ग्रीस लागले, पत्त्या बसल्या. चाक एका बोटाने फिरू लागले. आता पॅड रीतीने बसवायचे होते: रस्ता मोकळा बघून ५० च्या वेगावरून १० वर यायचे, पूर्ण थांबायचे नाही, असे वीसेक वेळा, आणि मग गार होऊ द्यायचे. हा विधी मी पहाटे कोरेगाव रस्त्यावर केला. मागून मोटारसायकलवर येणारा एक दूधवाला पाचव्या खेपेला शेजारी आला आणि कळवळून म्हणाला, "काका, पत्ता शोधताय का?"

परत आलो तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर ब्रेक दाबला. गाडी निमूट मंदावली. घरात आधण पडलेले नव्हते. कुत्रा आमच्या जागेत पाय ताणून झोपलेला होता आणि मी हॉर्न वाजवला, तर त्याने एक कान हलवला. शेवटी उतरून, त्याला बिस्कीट दाखवून, गाडी आत घ्यावी लागली.