प्लास्टर कुठंय?

कोपराला फ्रॅक्चर आहे आणि हात नुसताच झोळीत आहे, हे पाहून लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. काल एक्स-रेच्या रांगेत शेजारच्या काकांनी झोळीची कड दोन बोटांनी उचलून सरळ आत डोकावून पाहिलं. विचारणं वगैरे काही नाही.

"प्लास्टर कुठंय?"

"घातलेलं नाही, काका."

"मग मुका मार असेल. फ्रॅक्चर कसलं!"

रेडियस, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचं हाड, त्याच्या कोपराकडच्या डोक्याला तडा गेलाय, पण तुकडा सरकलेला नाही. मेसन नावाच्या सर्जननं 1954 साली या फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले, त्यातला हा पहिला. यात झोळी थोडे दिवस, तीही दुखणं सोसावं म्हणून. हे सगळं मी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि बाही वर सारली.

"आमच्या वेळी कसं, दोन महिने प्लास्टर. काढल्यावर रोज सकाळी कडकडीत तेलानं मालीश. दोघं धरायचे, एक ओढायचा. हा बघा हात!"

हात काटकोनाच्या जरा पुढे येऊन थांबला होता. काकांनी तो अभिमानानं सगळ्या रांगेला दाखवला. "इतकी वर्षं झाली, कधी दुखला नाही!"

दुखेल कसा? हलतोय कुठे!

कोपर हा आखडण्यात पटाईत सांधा. तीन आठवड्यांहून जास्त जखडला की तो पूर्ण सरळ न होण्याचा धोका बराच वाढतो. वर रगडून, ओढून मालीश केली तर भोवतालच्या स्नायूतच नवीन हाड तयार होऊ शकतं. काकांचं तेच झालं असावं, पण रांगेत हे कोण सांगणार?

प्रत्येक कोपर झोळीवर भागतं असंही नाही. मागचं टोक, म्हणजे टेबलावर टेकतो ते, तुटून सरकलं की दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू तो तुकडा वर खेचतो. मग ऑपरेशन: दोन सरळ तारा आणि त्यांना इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देणारी तिसरी, नाहीतर प्लेट. त्या तारा पुढे कातडीखाली टोचतात आणि कित्येकांना काढून घ्याव्या लागतात. लहान मुलांचं मोडतं ते बहुधा कोपराच्या वरचं हाड. तिथे प्लास्टर असतंही, पण बोटं निळी-गार पडली, बधिर झाली किंवा नुसती सरळ करताना मूल किंचाळलं, तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा. आवळलेल्या प्लास्टरमध्ये रक्तपुरवठा तुटून हात कायमचा वाकडा होऊ शकतो.

आमच्या प्रकारात कोपर अंगाला चिकटवून तळहात वर-खाली फिरवायचा, हात स्वतःच्याच जोरानं हळूहळू वाकवायचा, सरळ करायचा. वजन उचलायचं नाही, खुर्चीवर रेटून उठायचं नाही. हे सगळं फिजिओथेरपिस्टनं सांगितलं. डॉक्टरांच्या कागदावर फक्त "हालचाल चालू ठेवा" एवढंच होतं, तेही अशा अक्षरात की औषधवाल्यानं कागद उलटसुलट करून सांगितलं, "ही गोळी संपलीय. उद्या या."