कबानातुआनची सुटका एकट्या रेंजर्सनी केली नाही

फिलिपाइन्समधल्या कबानातुआन युद्धकैदी छावणीची गोष्ट अशी सांगितली जाते: 30 जानेवारी 1945 च्या रात्री अमेरिकी लष्कराचे 121 रेंजर्स, म्हणजे कमांडो, जपानी ताब्यातल्या मुलखात शिरले आणि पाचशेहून अधिक कैदी सोडवून घेऊन आले, गावकरी वाटाडे म्हणून सोबत होते. रेंजर्सचं शौर्य खरंच आहे. उघड्या माळावरून सरपटत ते छावणीला भिडले, त्यांचे दोघे मारले गेले. पण ‘वाटाडे’ म्हणणं हा कॅप्टन हुआन पाहोतांवर धडधडीत अन्याय आहे.

पाहोता फिलिपाइन्सच्या लष्करातले अधिकारी. 1942 मध्ये अमेरिकी-फिलिपिनो फौजांचा बटान द्वीपकल्पातला मोर्चा पडला, तरी ते शरण गेले नाहीत. न्वेवा एसिहा प्रांतात गनिमी फौज बांधून लढत राहिले.

योजना सगळी अमेरिकी होती, हेही खरं नाही. हल्ला ठरला होता 29 तारखेला. छावणीलगत जपानी सैन्याची मोठी हालचाल चालू आहे, आज जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं, असं पाहोतांनी बजावलं, म्हणून रेंजर्सचे प्रमुख कर्नल म्यूसींनी हल्ला एक दिवस पुढे ढकलला. पहारेकऱ्यांची नजर वर खिळावी म्हणून छावणीवर विमान फिरवायची सूचनाही पाहोतांचीच.

आणि ‘खरी लढाई रेंजर्सनी केली’? छावणीजवळच्या काबू पुलापाशी सुमारे हजार जपानी सैनिक होते, रणगाड्यांसह. त्यांच्या वाटेत पाहोतांचे दोनशेच्या आसपास गनिमी सैनिक दबा धरून बसले होते. सुरुंगाने पुलाला खिंडार पडलं, त्यामुळे रणगाडे आणि ट्रक अडले. पायदळ मात्र लाटेमागून लाट येत राहिलं आणि प्रत्येक वेळी मागे रेटलं गेलं. काही तासांपूर्वीच बझूका चालवायला शिकलेल्या पाहोतांच्या एका सैनिकाने रणगाडे निकामी केले. पाहोतांचा एकही माणूस मेला नाही. ही फळी मोडली असती तर रेंजर्स आणि उपासमारीने खंगलेले कैदी मधेच सापडले असते. दुसऱ्या बाजूचा रस्ता कॅप्टन एदुआर्दो होसोन यांच्या माणसांनी रोखला होता.

ज्यांना चालवत नव्हतं त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी रेड्यांच्या गाड्या आणल्या. परतीच्या वाटेवर त्या शंभराच्या घरात गेल्या. सुगावा लागू नये म्हणून आधी वाटेवरच्या गावांतल्या लोकांनी कुत्री बांधली, कोंबड्या डालल्या.

‘त्यांचा योग्य सन्मान झालाच की,’ असंही म्हणतात. म्यूसींना मिळालं विशेष सेवा क्रॉस. गनिमी अधिकाऱ्यांना त्याहून खालच्या दर्जाचं ब्राँझ स्टार. फेब्रुवारी 1946 च्या अमेरिकी कायद्याने तर बहुतेक फिलिपिनो सैनिकांचे माजी सैनिक म्हणून असलेले हक्कच काढून घेतले.